एचआयव्हीच्या औषधाची ट्रायल : खान्देशातून नाव देण्याआधी आणि दिल्यानंतर

एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी औषधकेंद्रावर, गोळ्या घ्यायला गेलात आणि काउन्सेलर म्हणाल्या, "पुण्याला नव्या औषधाची ट्रायल सुरू आहे, तुमचं नाव सुचवू का?", तर तिथल्या तिथे हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. माहितीपत्रक मागा आणि ते घेऊन घरी या. बाकीचे सगळे त्यानंतर.

भारतात सरकारी एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधे) १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळते. २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी उपचार सुरू करतात. आज बहुतेकांना रोज एक टीएलडी गोळी असते : टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ. ही गोळी नीट लागू पडली असेल, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचे प्रमाण) दबलेला असेल, तर ट्रायल ही तुमची गरज नाही, संशोधन करणाऱ्यांची आहे. त्यामुळे अडला हरी होऊन सही करायचे कारण नाही. ज्यांच्यावर दुसऱ्या-तिसऱ्या फळीची औषधेही चालेनाशी झाली आहेत त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी ट्रायल हा खरोखर एक रस्ता असू शकतो, पण तो निर्णय एआरटी सेंटरच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आत शिरताना बाहेर यायची वाट विचारून ठेवायची, हे पुढच्या प्रत्येक पायरीला लागू आहे.

१. ट्रायल कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा

"नवे औषध" एवढ्या दोन शब्दांत चार-पाच निरनिराळ्या गोष्टी मावतात.

पहिला प्रकार : चालू गोळी तशीच ठेवून वर एक औषध वाढवायचे. उदाहरणार्थ, एचआयव्ही असलेल्यांमध्ये हृदयविकार टाळता येतो का हे पाहणारी 'रिप्रीव्ह' ट्रायल. तिच्यात ७,७६९ जण होते आणि भारतातली केंद्रेही होती. एआरटी सगळ्यांची चालूच होती. सोबत अर्ध्यांना पिटाव्हास्टॅटिन आणि अर्ध्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, मिळत होती. हृदयविकाराचे मोठे प्रसंग औषधवाल्या गटात सुमारे ३५ टक्क्यांनी कमी दिसले, आणि २०२३ मध्ये ट्रायल ठरल्यापेक्षा आधीच थांबवली गेली. अशा ट्रायलमध्ये प्लासिबो वाट्याला आला तरी तुमचा उपचार तुटत नाही.

दुसरा प्रकार : चालू गोळी बंद करून तिच्या जागी नवे औषध. तिसरा : महिन्याने, दोन महिन्यांनी किंवा सहा महिन्यांनी घ्यायचे इंजेक्शन. चौथा : एचआयव्हीसोबत टीबी असलेल्यांसाठी किंवा टीबी होऊ नये म्हणून. हा प्रकार आपल्याकडे बराच दिसतो.

पाचवा मात्र जपून. काही अभ्यासांत एआरटी मुद्दाम थांबवून विषाणू परत वाढतो का ते पाहतात. पूर्वी 'स्मार्ट' नावाच्या ट्रायलमध्ये ५,४७२ जणांपैकी एका गटाला सीडी४ बघून औषधात सुट्टी दिली होती. त्या गटात आजारपण आणि मृत्यू जास्त दिसल्याने जानेवारी २००६ मध्ये नवी भरती थांबवावी लागली. म्हणून पहिला प्रश्न हाच : "या ट्रायलमध्ये माझी एआरटी एक दिवस तरी बंद राहणार आहे का?" उत्तर "हो" असेल, तर एआरटी सेंटरच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

२. खरी ट्रायल आहे का ते तपासा

भारतात प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया', म्हणजे सीटीआरआय, इथे नोंद लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषध महानियंत्रकांनी नोंद बंधनकारक केली. नोंदणी क्रमांकात सीटीआरआय ही अक्षरे, मग वर्ष, महिना आणि सहा आकडे असतात. तो माहितीपत्रकावर सापडला नाही तर मागून घ्या. संकेतस्थळ इंग्रजीत आहे, पण नुसता क्रमांक टाकला की नोंद उघडते. घरातल्या शिकलेल्या मुलाला दाखवायची सोय नसेल, कारण त्याला तुमचे माहीत नसेल, तर 'विहान' या काळजी-आधार केंद्राच्या कार्यकर्त्यांना किंवा पॉझिटिव्ह नेटवर्कच्या, म्हणजे एचआयव्ही असलेल्यांच्याच संघटनेच्या, माणसाला सांगा.

नोंदीत चार ठिकाणी बोट ठेवा : तुम्हाला सांगितलेले रुग्णालय केंद्रांच्या यादीत आहे का, त्या केंद्राच्या एथिक्स कमिटीची (सहभागींचे हित पाहणाऱ्या समितीची) मंजुरी आली आहे का, औषध महानियंत्रकांची परवानगी आहे का, आणि भरती चालू आहे की संपली. एथिक्स कमिटीत किमान सात जण असावे लागतात. त्यांत निदान एक महिला, एक कायदा जाणणारा आणि एक सामान्य नागरिक हवा. केंद्राची स्वतःची कमिटी नसेल तर त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली कमिटी चालते.

खोटी ट्रायल ओळखणे सोपे आहे : ती पैसे मागते. खऱ्या ट्रायलमध्ये औषध आणि ट्रायलसाठीच्या तपासण्या यांचा खर्च तुमच्याकडून घेत नाहीत. बाजाराच्या दिवशी किंवा यात्रेत "एचआयव्ही मुळापासून काढतो, आमचे संशोधन चालू आहे" म्हणणारे भेटतात. एड्स बरा करतो असा दावा कोणत्याही औषधावर करायला आपल्या औषध नियमांनी मनाई केली आहे, मग औषध जडीबुटीचे असो की बाटलीतले.

३. सहीपूर्वी प्रवासाचा हिशेब मांडा

बरेच लोक ट्रायल सोडतात ती औषधामुळे नाही, फेऱ्यांमुळे. एचआयव्हीच्या औषधांच्या मोठ्या ट्रायल बऱ्याचदा ४८ किंवा ९६ आठवड्यांच्या असतात. सुरुवातीला फेऱ्या दाट, नंतर विरळ. केंद्र पुणे किंवा मुंबईचे असेल तर चाळीसगाव-जळगाव-भुसावळकडच्या माणसाला महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला नेते. धुळेकरांना बस. धडगाव, मोलगी किंवा अक्कलकुव्याहून निघणाऱ्याला आधी नंदुरबार किंवा शहादा गाठावे लागते, तेव्हा एका फेरीला दोन नव्हे, तीन दिवस धरा.

फेऱ्यांचे वेळापत्रक कागदावर मागा आणि त्याच्या शेजारी आपले कॅलेंडर ठेवा. दसऱ्यानंतर कापूस वेचणी. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारे घर असेल तर चार-सहा महिने गाव सुटलेले. आखाजीला माहेरी जायचे. हे सगळे डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. ठरलेल्या तारखेच्या आगेमागे काही दिवसांची सवलत असते, ती किती ते विचारा. "येईन की" म्हणून सही करायची आणि मग तिसऱ्या फेरीला गायब व्हायचे, यात तुमचेच नुकसान आहे.

प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मिळू शकते. रक्कम एथिक्स कमिटीने मंजूर केलेली असते. किती, केव्हा, रोख की खात्यात, सोबत्याचे भाडे धरतात का, आणि स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे प्रवेशाआधीच्या तपासणीत, नापास झालो तर त्या दिवसाचे मिळते का, हे पाचही विचारा. एसटीचे तिकीट महिनाभरात पुसट होते, उतरल्या उतरल्या त्याचा फोटो काढा. बायकांना एसटीत अर्धे तिकीट असते, तेही जपून ठेवा. खात्यात पैसे घेणार असाल तर जमा होताना पासबुकात कोणते नाव छापले जाईल ते विचारा. पासबुक घरात दुसरे कोणी वाचत असेल तर रोख मागा.

४. सोबत न्यायचे कागद

– एआरटीचे पुस्तक, एआरटी नंबरसह
– व्हायरल लोड आणि सीडी४ चे जितके सापडतील तितके रिपोर्ट (व्हायरल लोड औषध सुरू झाल्यावर ६ आणि १२ महिन्यांनी, मग वर्षाला होतो)
– आधी घेतलेल्या एआरटी औषधांची नावे आणि ती का बदलली
– टीबीचा उपचार किंवा टीबी-प्रतिबंधक गोळ्या घेतल्या असतील तर तारखा
– सध्या चालू असलेली प्रत्येक गोळी, पाकिटासकट : साखर, बीपी, लोह, कॅल्शियम, ॲसिडिटी, झोप
– भगताकडचा पाला, काढा किंवा चूर्ण चालू असेल तर ते
– ओळखपत्र, आणि पैसे खात्यात हवे असतील तर पासबुक

पाला-काढा लपवू नका. तिथे रागावत नाहीत, आणि रागावले तरी चालेल. काही वनस्पती एआरटीची रक्तातली पातळी खाली आणतात. मोहाची असो वा दुकानातली, दारूचेही खरेच सांगा, नाहीतर यकृताचा बिघडलेला रिपोर्ट औषधाच्या नावावर लागेल.

मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. संशोधनाच्या फॉर्मवर तुमचे नाव नसते, क्रमांक असतो. म्हणून नाव-पत्ता असलेला कागद कोणी मागितला की तो कुठे ठेवणार ते विचारा.

५. संमती : इथे घाई करू नका

नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्या नियम, २०१९ प्रमाणे माहिती तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. छापील कागद मराठीत असतो, पण समजावून सांगणे अहिराणीत करा म्हणायला हरकत नाही. "माले नई समजनं, परत सांगा" हे दहा वेळा म्हटले तरी चालते. भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्याला दुभाषा लागतो आणि खरा फास तिथेच असतो : दुभाषा म्हणून गावचाच माणूस उभा करतात आणि संध्याकाळपर्यंत पाड्यावर बातमी जाते. ज्याला तुमचे आधीच माहीत आहे असा माणूस सोबत न्या किंवा 'विहान'चा कार्यकर्ता मागा. वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार हजर असावा लागतो. तो ट्रायलच्या टीममधला चालत नाही.

पूर्णपणे नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये असुरक्षित गटातल्या व्यक्तीची संमती ध्वनि-चित्रमुद्रित करतात. एचआयव्हीच्या औषधांना मात्र त्या नियमातून सूट आहे : फक्त आवाज मुद्रित करायचा, चेहरा नाही. कोणी कॅमेरा लावला तर ही तरतूद दाखवून नको म्हणा.

आता एक जागा, जी वाचणारे फार थोडे. संमतीपत्राच्या शेवटी व्यवसाय, वार्षिक उत्पन्न, पत्ता आणि वारसाचे नाव विचारतात. ट्रायलमुळे मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची, यासाठी तो रकाना आहे. सवयीने लोक मोठ्या भावाचे किंवा सासऱ्यांचे नाव घालतात. त्यांना तुमच्या एचआयव्हीचे माहीत नसेल तर उद्या त्यांच्याकडे जाणारा फोन किंवा पत्र सगळे उघड करील. ज्याला माहीत आहे त्याचेच नाव घाला. पत्ता आणि फोन नंबरचेही तसेच. "फोन कोणी दुसऱ्याने उचलला तर काय सांगणार?" हे ठरवून लिहून घ्या.

सहीपूर्वी हे प्रश्न विचारा आणि उत्तरे कागदावर टिपून ठेवा :

– मला कोणता गट मिळेल हे कोण ठरवते, आणि नवे औषध मिळण्याची शक्यता किती?
– एकूण किती मिली रक्त घेणार? (एक चहाचा चमचा ५ मिलीचा. रक्तदानात ३५० मिली जाते, त्याच्याशी ताडून पाहा.)
– माझे उरलेले रक्त साठवणार का, परदेशी पाठवणार का? नको म्हणता येते का?
– मध्येच सोडले तर मला लगेच कोणती गोळी मिळेल आणि कोण देईल?
– ट्रायल संपल्यावर हे औषध मिळत राहील का?

शेवटच्या प्रश्नाला नियमात उत्तर आहे, पण अटींसह : औषधाचा तुम्हाला फायदा झालेला असावा, दुसरा उपचार उपलब्ध नसावा, डॉक्टरांनी शिफारस आणि एथिक्स कमिटीने मंजुरी द्यावी, तर कंपनी ते मोफत देते. टीएलडी उपलब्ध असताना ही अट पुरी होणे अवघड, हे धरूनच चाला.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय कोणालाही संशोधनात घेता येत नाही, आणि एआरटी सेंटरवरची सेवा ट्रायलला नाही म्हटल्याने थांबवता येत नाही. सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत मागून घ्या. घरी ठेवायला जागा नसेल तर फोटो काढून कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवा.

६. स्क्रीनिंग

सही म्हणजे प्रवेश नव्हे. सहीनंतर व्हायरल लोड, सीडी४, रक्तघटक, यकृत, क्रिएटिनिन, हिपॅटायटिस बी आणि सी, टीबी आणि बायकांची गर्भधारणेची तपासणी होते. यातल्या एकात बसला नाहीत तर घरी पाठवतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. रिपोर्ट मात्र मागून आणा, एआरटी सेंटरला ते उपयोगी पडतात.

चरबी आणि साखरेसाठी उपाशीपोटी रक्त घेतात. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्यांनी नऊच्या आत जेवून घ्यावे, सकाळी नऊपर्यंत फक्त पाणी प्यावे. भाकरी-चटणीचा डबा सोबत ठेवा, रक्त दिल्या दिल्या खा.

हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट स्वतः डोळ्यांनी पाहा. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवतात. तो पॉझिटिव्ह असेल आणि ट्रायलने ही दोन्ही काढून कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनसारखे इंजेक्शन दिले, तर दबलेली कावीळ उसळू शकते.

७. औषध घरी आल्यावर

बाटलीवर लिहिलेले तापमान वाचा. ३० अंशांखाली ठेवा असे असेल आणि घर पत्र्याचे असेल, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या उन्हात ते अवघड आहे. बाटली घट्ट बंद करून स्टीलच्या कोरड्या डब्यात घाला आणि तो डबा माठाजवळच्या गारव्याला, पण ओल लागणार नाही असा ठेवा. आतली सिलिकाची पुडी फेकू नका. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची का, हे विचारल्याशिवाय ठरवू नका.

रिकाम्या बाटल्या आणि उरलेल्या गोळ्या प्रत्येक फेरीला परत न्याव्या लागतात, तिथे मोजतात. चुकलेल्या गोळ्या फेकून हिशेब जुळवणे ही फार जुनी चूक आहे. व्हायरल लोड वाढला की औषधच कुचकामी ठरते आणि तुमच्या नावावर विनाकारण "फेल" लागते.

डोल्युटेग्राव्हिर असेल तर ॲसिडिटीच्या औषधाच्या किमान २ तास आधी किंवा ६ तासांनंतर गोळी घ्या. लोह-कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची झाली तर जेवणासोबतच. श्रावण-नवरात्राच्या उपवासात नेमके हेच चुकते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागते. गावच्या दवाखान्यात टीबीचा उपचार सुरू झाला की त्याच दिवशी ट्रायलच्या डॉक्टरांना फोन करा.

दिवस गेले असतील तर लपवू नका. २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या एका अभ्यासात डोल्युटेग्राव्हिर आणि बाळाच्या मज्जारज्जूतील दोष यांचा संबंध असावा अशी शंका आली होती. पुढे जास्त नोंदी हाती आल्यावर ती मावळली. अशी शंका फिटते तीच मुळी वेळेवर कळवलेल्या नोंदींमुळे.

८. काही बिघडले तर

ट्रायलचे कार्ड पाकिटात ठेवा, त्यावर चोवीस तासांचा फोन असतो. कार्डावर "एचआयव्ही" छापलेले असेल तर बदलून मागा. रात्री अंगावर पुरळ, ताप किंवा डोळे पिवळे दिसले तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी जा, फोन वाटेत करा. कोणत्याही कारणाने रुग्णालयात भरती झालात, साप चावला किंवा मोटारसायकलवरून पडलात तरी ते 'गंभीर घटना' म्हणून कळवावे लागते, आणि डॉक्टरांना त्यासाठी फक्त २४ तास असतात. बिले आणि डिस्चार्ज कार्ड जपा.

ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत, भरपाई वेगळी. ती इजा फक्त औषधाचीच असावी असे नाही : ठरलेल्या पद्धतीचे उल्लंघन, चाचणीतली एखादी प्रक्रिया किंवा उपलब्ध उपचार न देता प्लासिबो देणे यानेही हक्क येतो. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र नियमांच्या परिशिष्टात आहे : मूळ रक्कम ८ लाख, तिला वयाचा गुणांक आणि आजाराच्या जोखमीचा गुणांक (०.५ ते ४) यांनी गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. औषध नियंत्रकांचा आदेश आल्यावर ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. डॉक्टर टाळाटाळ करत असतील तर माहितीपत्रकावरच्या एथिक्स कमिटीच्या नंबरवर बोला. गुप्तता मोडली तर राज्याच्या एचआयव्ही लोकपालाकडे लेखी तक्रार करता येते. सल्ल्यासाठी १०९७ हा क्रमांक मोफत आहे.

९. बाहेर पडताना

ट्रायल कधीही, कारण न सांगता सोडता येते. पण फोन बंद करून सोडू नका. इंजेक्शनवाल्या ट्रायलमध्ये तर मुळीच नको. कॅबोटेग्राव्हिर-रिल्पिव्हिरिनचा अंश शेवटच्या सुईनंतर वर्षभर किंवा जास्तही अंगात राहतो. तो विषाणू मारण्याइतका नसतो, विषाणूला औषध ओळखायला शिकवण्याइतका असतो. म्हणून पुढच्या सुईच्या तारखेलाच रोजच्या गोळ्या सुरू व्हायला हव्यात.

ट्रायलमध्ये शिरतानाच एआरटी सेंटरला कळवलेले नसेल तर तिथे तुम्ही "एलएफयू", म्हणजे बेपत्ता, म्हणून लागलेले असता. परतल्यावर चार प्रश्न आणि दोन फेऱ्या वाढतात. कळवलेले असेल तर पुस्तक उघडून पुढची तारीख टाकतात.

शेवटच्या भेटीत एक कागद घ्या : कोणते औषध किती दिवस मिळाले (ब्लाइंड ट्रायल, म्हणजे कोणाला काय मिळते हे झाकून ठेवलेली, असेल तर गट केव्हा कळवणार), शेवटचा व्हायरल लोड आणि तारीख, रेझिस्टन्सची (विषाणू औषधाला दाद देतो का ते पाहणारी) चाचणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट आणि आजपासून कोणती गोळी. त्याची झेरॉक्स एआरटीच्या पुस्तकाला स्टेपल करा. निघताना किमान ३० दिवसांच्या गोळ्या हातात घ्या, कारण शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालेल्या माणसाला सेंटर उघडे सापडते ते बहुधा सोमवारी.